करवतमाशाची कवळी

कवळीकाकांना संग्रहालयात कोणी खऱ्या नावानं हाक मारत नसे, आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या होत्या. पुढच्या खोलीत दंतवैद्य लोकांचे दात काढायचा, मागच्या खोलीत काका त्यांना नवे दात करून द्यायचे. "तो खड्डे खणतो, मी बुजवतो," असं ते स्वतःच्या कामाचं वर्णन करत. मग दंतवैद्याच्या मुलानं एक यंत्र आणलं. ते तोंडाचा फोटो काढून दीड तासात बत्तीशी बाहेर टाकायचं, चहा मागायचं नाही आणि दुपारी डुलकीही घ्यायचं नाही. यंत्र आत आलं, काका बाहेर आले.

संग्रहालयाला तेव्हा बारीक हाताचा माणूस हवाच होता. पेंढा भरलेल्या गरुडाची मोडलेली चोच, अस्वलाचं गळून पडलेलं नख, उंदरांनी कुरतडलेला हरणाचा कान, असली कामं काकांकडे येऊ लागली. काका ती इतकी बेमालूम करत की कुठं जोड आहे ते त्यांचं त्यांनाही नंतर सापडत नसे.

आणि तेच त्यांचं दुखणं होतं. कवळीचं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या नजरेत येत नाही. "काय सुंदर कवळी आहे हो तुमची," असं कुणी कुणाला म्हणत नाही. म्हणालंच, तर समजावं की कवळी फसली. एकतीस वर्षं लपवण्याचं काम, नंतरची दोन वर्षंही लपवण्याचंच. बासष्टाव्या वर्षी काकांना एकदा तरी असं काहीतरी करायचं होतं, जे लोक मान वर करून बघतील.

म्हणून संचालकसाहेबांनी करवतमाशाचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा काकांनी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. काकू दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ऐकलं मी. मासा. पण आता जेवायला या."

नव्या दालनात एक प्राचीन नदी उभी राहायची होती. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीची, जिच्या काठावर डायनोसॉर पाणी प्यायला येत. त्या नदीत आणि तिच्या मुखाशी हा मासा राहायचा. पाकट माशांच्या गोतावळ्यातला, अंग चपटं, आणि पुढं मोठी लांब करवत. दालनाच्या मधोमध, लोकांच्या डोक्यावर हातभर उंचीला तो लटकणार होता. करवतीच्या टोकापासून शेपटीपर्यंत चार मीटर. साहेबांना आठ हवे होते, कारण भित्तिपत्रकावर त्यांनी आधीच 'महाकाय' छापून घेतलं होतं. पण आठ मीटरचा अंदाज जुना, आता बहुतेक अभ्यासक इतकं लांब जात नाहीत, असं कळल्यावर ते चार मीटरवर आले, कारण चार मीटरला फायबरही कमी लागत होतं.

या माशाची गंमत अशी, की त्याचा सांगाडा हाडांचा नव्हताच. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी कूर्चा सगळीकडे. मेल्यावर ती कुजून जाते. उरतात ते दात, पाठीचे काही मणके आणि नशीब असेल तर करवतीचा एखादा तुकडा. म्हणजे बाकी शरीर बरंचसं अंदाजानं बांधायचं. पक्कं काय, तर दात. साहेब हसून म्हणाले होते, "मग दातांच्या माणसाशिवाय हे काम कोण करणार?"

साहेबांचं हसू फार व्यवस्थित होतं. वरची रांग अशी सरळ, की फूटपट्टी लावून घ्यावी. काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं की ती कवळी आहे, आणि शहरातल्या कुठल्या प्रयोगशाळेची आहे तेही. पण धंद्याचा नियम होता: कुणाच्या तोंडातलं कुणाच्या कानावर घालायचं नाही. काकांनी तो काकूंपाशीसुद्धा पाळला होता.

सात महिन्यांत मासा तयार झाला. मंगळवारी दुपारी तो कार्यशाळेत चार लाकडी घोड्यांवर आडवा पडला होता आणि काका त्याच्या पाठीवर शेवटचा पिवळसर तपकिरी हात मारत होते, तेव्हा लेबलवाली आली.

लेबलवाली म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी. प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, खिशात कायम सहा इंची पट्टी. प्रत्येक वस्तूखाली काय लिहायचं ते ती ठरवायची, आणि लिहिण्याआधी ती वस्तू मोजायची. मागच्याच आठवड्यात तिनं साहेबांना सांगितलं होतं की प्रवेशद्वारावरच्या हत्तीला एक नख जास्त आहे. तेव्हापासून सगळे तिला जरा वचकून होते.

तिनं माशाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग सरळ पाठीवर झोपून ती माशाच्या खाली सरकली. आतून आवाज आला, "काका, तोंडातले दात पण केलेत तुम्ही?"

"मग? बोळका ठेवू?" काका म्हणाले. मनातून मात्र ते फुलले. तोंड पोटाच्या बाजूला होतं, आणि त्यात बारीक, दाटीनं बसलेल्या शेकडो दाण्यांसारखे दात त्यांनी ओळीनं लावले होते. लोक खालून चालणार, म्हणजे त्यांना ते दिसणार.

"दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे," मुलगी बाहेर येत म्हणाली. "हत्तीचं आपण उगाच नाव घेतो. खरी म्हण या माशाची आहे."

काकांना ती मुलगी त्या क्षणी आवडली. त्यांनी तिला चहा दिला आणि सात महिने मनात असलेला प्रश्न विचारला: एवढी करवत पुढं, तोंड खाली आणि डोळे वर. तोंडाशी काय आलं ते स्वतःला दिसत नाही, मग हा बिचारा जेवायचा कसा?

मुलीनं प्लास्टरची भांडी धुवायचा टब पुढं ओढला, त्यात पाणी भरलं, बिस्किटाचे तुकडे टाकले आणि खिशातली पट्टी आडवी धरली. आजचे करवतमासे कसे खातात ते बघून अंदाज करायचा, असं तिनं आधीच बजावलं. हा जुना मासा काही त्यांचा आजोबा नव्हे, दोन वेगळ्या घराण्यांनी वेगवेगळी करवत काढली, असंही. मग तिनं पट्टी सपकन डावीकडं हाणली, सपकन उजवीकडं. एक तुकडा टबाबाहेर उडून काकांच्या चपलेवर पडला. माशांच्या थव्यात अशी हाणली की एखादा दुखावतो, गरगरतो, तिनं सांगितलं. मग करवतीनंच त्याला तळाशी दाबायचा. तिनं पट्टीखाली तुकडा दाबला, हात पुढं सरकवला आणि मूठ तुकड्यावर आणली. असं अंगाखाली घ्यायचं आणि गिळायचं. बघायची गरजच नाही, कारण आजच्या माशांची करवत म्हणजे नुसतं हत्यार नसतं, ते नाकही असतं, बोटंही असतात. गढूळ पाण्यात समोरचा मासा हलला की त्याच्या स्नायूंतून जी अगदी बारीक वीज निघते, तीसुद्धा तिला जाणवते. याचंही तसंच असावं.

"म्हणजे आंधळ्याची काठी आणि दरोडेखोराची कुऱ्हाड एकाच हातात," काका म्हणाले.

"हे लेबलवर टाकू का?" मुलीनं विचारलं, आणि दोघं हसले. तिनं हेही सांगितलं की याच्या पाठीचा एक मणका त्याच काळच्या एका अजस्र मासेखाऊ डायनोसॉरच्या जबड्यात, दाताच्या खाचेत अडकलेला सापडला आहे. दातांत जेवण अडकलेलं गिऱ्हाईक साडेनऊ कोटी वर्षं जुनं, हे ऐकून काका इतके खूश झाले की त्यांनी तिला आणखी एक बिस्किट दिलं.

मग ती करवतीपाशी गेली. प्रत्येक दाताच्या टोकाशी मागं वळलेला एक आकडा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. त्याची दिशा तिनं तपासली, बरोबर होती. मग ती दोन दातांच्या मधे वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काका, हे खाचेत बसवलेत?"

"एकेक," काका अभिमानानं म्हणाले. "एका बाजूला चौतीस, दुसऱ्या बाजूला चौतीस. भांडारात भिंतीवर आजच्या करवतमाशाची सुकी करवत आहे ना, तिच्यावरून घेतलं. त्यात सगळे खाचेत असतात. हलवून बघ, तसूभर हलणार नाही."

मुलगी बाहेर गेली आणि खालच्या मजल्यावरून एक कप्पा उचलून घेऊन आली. त्यात या माशाचे खरे दात होते, काळपट, बोटभर लांबीचे. तिनं एक काकांच्या तळहातावर ठेवला. दाताचं बूड रुंद होतं, उभ्या रेघांचं, खालून पसरलेलं.

"हे बूड खाचेत कसं गेलं?"

काकांनी चष्मा पुसला. बूड जात नव्हतं, हे त्यांना चांगलं आठवत होतं. साच्यातून काढलेला पहिला दात खाचेत बसेना, तेव्हा त्यांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. न बसणारं घासलं आणि बसवलं. अडुसष्टच्या अडुसष्ट बुडं घासून निमुळती केली.

मुलीचा आवाज खाली आला. या माशाचे दात खाचेत नसायचेच, ती म्हणाली. ते कातडीवर टेकलेले असायचे, मोठ्या खवल्यासारखे. ते रुंद बूड त्यासाठीच. म्हणून ते पडायचे आणि पुन्हा यायचे. नवा दात आधी आडवा पडलेला असायचा, मग हळूहळू उभा राहायचा. म्हणजे करवतीवर एका वेळी मोठे, लहान, अर्धे उठलेले, आणि मधे एखादी मोकळी जागा, असं सगळं असणार. कप्प्यात कोपऱ्यात काही इवलेसे दात होते. काकांनी ते पाहिले होते. त्यांना ते मोडके वाटले होते, आणि मोडकं दिसलं की बाजूला काढायचं आणि जागा भरायची, ही सवय हाडीमासी होती.

"लेबलवर एक वाक्य आहे, नवे दात मधेमधे येत असत म्हणून," मुलगी खाली बघत म्हणाली. "ते मी काढू शकते. साहेबांना कळणार नाही. कुणालाच कळणार नाही."

शुक्रवारी सकाळी साखळ्या आणि कप्प्या घेऊन मासा टांगणारी माणसं येणार होती, फक्त त्या दिवसापुरती. शनिवारी दालन उघडायचं होतं. बारा वाजेपर्यंत मासा वर गेला नाही तर त्याच्या जागी माशाचं कापडावर छापलेलं चित्र लावायचं, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कापड तयारही होतं. मग मासा भांडारात जाणार, गरुड आणि अस्वलाच्या शेजारी, आणि तिथून काही बाहेर येत नाही हे काकांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काढ ते वाक्य," ते म्हणाले, आणि डबा उचलून घरी गेले.

घरी ते जेवले कमी आणि ताटाकडं बघत राहिले जास्त. काकूंनी दोन घास वाट बघितली आणि विचारलं की कोण मेलं. काकांनी सगळं सांगितलं. चार मीटरचा मासा, दात इतके जिवंत की हात लावायला भीती वाटावी, आणि एक कालची पोर पट्टी घेऊन येते नि म्हणते, चूक. आणि चूक कसली, तर दात फार नीट लावले ही.

"आयुष्यभर दात नीट लावले म्हणून पगार घेतला," ते म्हणाले, "आणि आता नीट लावले म्हणून चूक."

काकू पाणी प्यायल्या. "पोस्टातल्या बाई आठवतात?"

काकांना आठवत होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी मोत्यासारखी कवळी केली होती. आठवड्यानं बाई ती रुमालात गुंडाळून परत घेऊन आल्या. म्हणाल्या, सुंदर आहे, पण ही मी नाही. माझा डावीकडचा दात शेजारच्यावर चढलेला होता. आता मी हसले की नवरा दुसरीकडं बघतो, म्हणतो पाहुणी आल्यासारखं वाटतं. काकांनी तेव्हा खूप कुरकुर केली होती, कारण जाणूनबुजून वाकडा दात लावणं म्हणजे सुतारानं जाणूनबुजून लंगडी खुर्ची करणं. पण त्यांनी तो लावला होता. तीन वेळा मेण बदलून, अगदी हवा तेवढाच चढवून.

"तिचं हसणं बघून तुम्ही घरी आलात, त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं होतंत," काकू म्हणाल्या. "नीट लावलेल्या कवळ्या हजार झाल्या असतील. त्यातली एक तरी आठवते?"

"तिच्याकडं एकच दात होता. माझ्याकडं अडुसष्ट आहेत, आणि दोन दिवस."

"मग बसलात काय? झोपा. उद्या लवकर उठायचंय तुम्हाला."

बुधवारी सकाळी आठ वाजता लेबलवाली कार्यशाळेत आली तेव्हा काका हातात पक्कड घेऊन करवतीसमोर उभे होते आणि घामाघूम झाले होते. त्यांनी तोवर तीनच दात काढले होते. आयुष्यात त्यांनी कधी दात काढला नव्हता. तो पुढच्या खोलीतला विभाग. चौथा दात काढताना त्यांच्या तोंडून नकळत निघालं, "जरासं दुखेल हं," आणि मुलगी खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग तिनं दुसरी पक्कड घेतली.

दुपारपर्यंत करवत बोळकी झाली. खाचा बुजवल्या, घासल्या, वर कातडीसारखा खरबरीत हात दिला. मोठ्या दातांचा साचा होता, एका वेळी आठ निघत, आणि राळ घट्ट व्हायला तास लागे. बुधवारी संध्याकाळपर्यंत सोळा झाले, उरलेले गुरुवारी काढायचे होते. या वेळी बुडं कुणी घासली नाहीत. काकांनी कानशी सरळ कपाटात ठेवून किल्ली मुलीकडं दिली. "माझ्या हाताचा भरवसा नाही," ते म्हणाले. "सवय आहे, मागितली तरी देऊ नकोस." गुरुवारी त्यांनी ती दोनदा मागितली. तिनं दिली नाही.

अडचण लहान दातांची होती. त्यांचा साचा नव्हता, आणि एकाच साच्यातून काढले असते तर ते पुन्हा जुळ्या भावांसारखे झाले असते. काकांनी घरून जुनी पेटी आणली होती. मेणाच्या गुलाबी पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि चमच्याच्या आकाराची ती सुरी, जिची मूठ त्यांच्या अंगठ्याप्रमाणे झिजली होती. गुरुवारी सकाळी ते बसले आणि मेणाचे दात कोरू लागले. एक नुकताच डोकं वर काढणारा, आडवा पडलेला. एक अर्धा उठलेला. एक जवळजवळ मोठा, पण शेजाऱ्याला टेकलेला. एकाचा आकडा अजून पुरता फुटलेला नाही. मुलगी कप्प्यातले खरे दात एकेक समोर धरायची, पट्टी लावायची आणि सांगायची, हा असा, तो तसा. काही वेळानं ती पट्टी लावायची विसरली.

बावीस झाले. आता कवळीची जुनी रीत: मेणाचे दात ओल्या प्लास्टरमधे रोवायचे, प्लास्टर सुकलं की उकळतं पाणी ओतून मेण घालवायचं, आणि उरलेल्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक भरायचं. मेण एकदा वाहून गेलं की गेलं. भरताना बुडबुडा राहिला तर दुसरा डाव नाही. मुलीनं ही रीत आधी पाहिली नव्हती. सकाळभर कोरलेलं काम गुलाबी पाणी होऊन मोरीत जाताना बघून तिनं डोळे मिटून घेतले.

चार वाजता काकांनी प्लास्टर फोडलं. बावीसमधले एकोणीस चांगले निघाले. तीन दात बुडबुड्यांनी टोकाशी खाल्ले होते. काका ते टाकायला उठले, मग थांबले, आणि त्यांनी ते भिंगाखाली धरले.

"खरे दात असे तुटायचे का?"

"तुटायचे, झिजायचे," मुलगी म्हणाली. "तळाशी घासायचे ना."

काकांनी तिन्ही परत ठेवले. मोडकं बाजूला न काढण्याची ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

शुक्रवारी दहाला टांगणारी माणसं आली. त्यांचा मुकादम जाडजूड आणि घाईतला होता. त्यानं मासा घोड्यांसकट दालनात आणवला, छताच्या आकड्यांना साखळ्या अडकवल्या, माशाच्या पोटाखालून पट्टे घेतले आणि विचारलं की अजून काय राहिलंय. चार दात राहिले होते. काका शिडीवर नव्हते, जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, आणि मुलगी एकेक दात चिमट्यानं देत होती. पावणेबाराला साहेब आले. काखेत कापडाची गुंडाळी.

त्यांनी माशाकडं पाहिलं, करवतीकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, हे काय? दात पडलेत याचे?"

मुलगी भराभर सांगू लागली. कातडी, खाच, बूड, बदलणारे दात. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर करवतीवरच्या मोकळ्या जागांवरून हलत नव्हती. अर्धवट वाटतंय, ते म्हणाले. उद्या पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार, आणि ते विचारणार की संग्रहालयाकडं पुरेसे दातसुद्धा नव्हते का. त्यांनी गुंडाळीचा एक कोपरा उलगडला. चित्रातल्या माशाची करवत कंगव्यासारखी होती, एक दात इकडचा तिकडं नाही. "मंगळवारी असाच होता तुमचा. काय सुंदर दिसत होता."

मुकादमानं घड्याळ बघितलं. काका हळूच उठले. गुडघे मोडल्यासारखे वाजले.

"साहेब, सगळे सारखे दात कवळीला असतात," ते म्हणाले. "हा मासा जिवंत होता."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो, कुणासमोर. त्यांची कानशिलं गरम झाली. एकतीस वर्षांचा नियम, आणि तो आज, या क्षणी, चारचौघांत मोडला. नाव घेतलं नव्हतं, बोट दाखवलं नव्हतं, पण दातखीळ बसावी तसे ते उभे राहिले.

साहेबांचं तोंड किंचित उघडं होतं. ते त्यांनी मिटलं. आतून जीभ वरच्या रांगेवरून फिरून आल्याचं गालावर दिसलं. मुलीच्या काही लक्षात आलं नाही. ती पट्टी घेऊन एका मोकळ्या जागेचं माप दाखवत होती. साहेबांनी काकांकडं पाहिलं. काकांनी जमिनीकडं.

"कधीपासून माहीत आहे?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"काय, साहेब?" काका म्हणाले.

साहेबांनी कापडाची गुंडाळी पुन्हा नीट केली आणि काखेत घेतली.

"चढवा," ते मुकादमाला म्हणाले. "आणि बाई, लेबलवर त्या दातांबद्दल काहीतरी लिहा. लोकांना वाटायला नको आम्ही काटकसर केली."

"लिहिलेलंच आहे," मुलगी म्हणाली. काकांनी तिच्याकडं वळून पाहिलं. "मी ते वाक्य काढलंच नव्हतं," ती त्यांना म्हणाली. "म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबू."

साखळ्या खडखडल्या. मासा घोड्यांवरून उठला, एक क्षण तिरका झाला, करवत मुकादमाच्या टोपीवरून सपकन गेली आणि मुकादम कधी नव्हे ते चपळाईनं खाली बसला. बारा वाजून चार मिनिटांनी करवतमासा दालनाच्या मधोमध लटकत होता. साहेबांनी ती चार मिनिटं मोजली नाहीत.

शनिवारी काकू नवी साडी नेसून आल्या. मासा त्यांनी आधी समोरून पाहिला, मग खालून. तोंडातले बारीक दात बघून त्या म्हणाल्या की एवढा मोठा जीव आणि जेवायचे दात एवढेसे, आपल्याच घरचा वाटतो. मग त्या बसायला जागा शोधू लागल्या. काका मात्र खांबाला टेकून उभे राहिले, कालपासून तयार केलेल्या बेफिकीर चेहऱ्यानं.

लोक आले. दारातून आत शिरत, दोन पावलं चालत, आणि मान वर करत. प्रत्येक जण. काकांनी पहिले चाळीस मोजले आणि मग मोजणं सोडलं. कुणी म्हणालं बाप रे, कुणी म्हणालं हा आत्ता असता तर पोहायला गेलो नसतो. लेबलवाली एका कोपऱ्यात उभी राहून लोक लेबल किती सेकंद वाचतात ते घड्याळावर बघत होती. सरासरी सात, ती मधेच येऊन सांगून गेली, आणि हे फार चांगलं आहे म्हणे.

दुपारी एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. लेबल न वाचणाऱ्यांपैकी. माशाखाली हात मागं बांधून उभे राहिले, करवत या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, आणि शेजारी उभा असलेला माणूस संग्रहालयाचाच असणार असं ओळखून काकांना म्हणाले, "काम छान आहे. पण तो बघा, उजवीकडून सातवा. तो अर्धाच आहे. लावताना तुटलेला दिसतो."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काकांच्या एका दाताकडं बोट दाखवत होतं. तेही मोजून. काकांनी वर पाहिलं. सातवा त्यांना ठाऊक होता. गुरुवारी सकाळी मेणाची तिसरी पट्टी त्याच्यासाठी घेतली होती.

"तुटलेला नाही," काका म्हणाले. "येतोय."